कौसानीचा चढ

हिमालय ही आमच्या घरातली जुनी उधारी होती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला वडिलांनी आईला हिमालय दाखवण्याचे कबूल केले होते म्हणे. आईने विषय काढला की वडील गंभीरपणे म्हणत, "कबूल केलं होतं हे खरं. पण कोणत्या दिवाळीला, ते कुठं म्हटलं होतं?" मग पोरांची शिक्षणे, बहिणींची लग्ने, बिऱ्हाडे बदलणे यांत दिवाळ्यांमागून दिवाळ्या गेल्या, वडीलही गेले, आणि ती उधारी वारसाहक्काने माझ्या खात्यावर चढली. गेल्या वर्षी आईने पंचाहत्तरी ओलांडली. गुडघे कुरकुरू लागले. एका संध्याकाळी ती शांतपणे म्हणाली, "हे बघ, दाखवायचा असेल तर यंदा दाखव. नाहीतर मी आपला तो वरूनच बघीन."

यावर मुदत मागून घेण्याची सोय नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत निघायचे ठरले. कुठे जायचे यावर मात्र घरात बरेच चर्वितचर्वण झाले. मसुरी-नैनिताल म्हणजे डोंगरावर नेऊन ठेवलेली आपलीच बाजारपेठ, असे माझे मत, तर "बाजारपेठ असली तर बिघडलं कुठं?" असे आमच्या सौभाग्यवतींचे मत. अखेर कॉलेजातल्या हिंदीच्या प्राध्यापकमित्राने निकाल दिला. "कौसानीला जा. तिथं बघण्यासारखं काही नाही, त्यामुळे हिमालय बघायला वेळ मिळेल."

दिल्लीहून रात्रीच्या गाडीने निघाले की सकाळी काठगोदाम येते. १८८४ साली आगगाडी इथवर आली आणि इथेच थांबली. पुढे डोंगर उभा आहे. फलाटावर आमचे सामान उतरवले तेव्हा मला प्रथमच त्याची मोजदाद करता आली. तिघांचे मिळून सात नग. त्यांत शेजाऱ्यांकडून मागून आणलेले स्वेटर, चिवड्याचे दोन डबे, बेसनलाडवांचा एक, थर्मास, आईचे शेकायचे तेल आणि, कशासाठी कोण जाणे, एक खलबत्ता होता. "आल्याचा चहा कसा करणार मग?" असा उलट प्रश्न मला विचारण्यात आला.

काठगोदामहून मोटार वर चढू लागली. भवाली मागे पडली, चीडवृक्षांचे बन सुरू झाले आणि कोसी नदी कधी उजवीकडून तर कधी डावीकडून सोबत करू लागली. मोटार हाकणारा विशी-बाविशीतला मुलगा त्याच भागातला होता. त्याने पहिल्याच वळणावर आईला "आमा" म्हणून हाक मारली. कुमाऊंत आजीला आमा म्हणतात. त्या एका हाकेने आईचे त्याच्याशी जे जमले, ते परतीपर्यंत. अल्मोड्याच्या बाजारात चहाला थांबलो, तेव्हा ती दुकानांच्या पाट्या वाचत होती. पंत. जोशी. पुन्हा पंत. "अगो बाई," ती सूनबाईला म्हणाली, "हे सगळे आपलेच की!"

तसे पाहिले तर आई अगदीच चुकली नव्हती. कुमाऊंतल्या पंतांचे मूळ पुरुष काही शतकांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आले अशी त्या घराण्यांतली परंपरा आहे. स्वतंत्र भारताचे गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत हे अल्मोड्याजवळच्या गावात १८८७ साली जन्मलेले. त्यांचे घराणेही मूळचे महाराष्ट्रातलेच मानतात. कोकणातून किंवा देशावरून निघालेला कुणी एक भिक्षुक पायी चालत हिमालयाच्या कुशीत येतो आणि तिथलाच होऊन जातो, ही कल्पना मला फार मोहक वाटली. त्याच्यापाशी सात नग सामान खासच नसणार.

अल्मोड्याची बालमिठाई घेऊन आम्ही पुढे निघालो. खवा तपकिरी होईतो परतून केलेली ही वडी, वर साखरेचे पांढरेशुभ्र दाणे लावलेले. सोमेश्वरच्या खोऱ्यात भाताची कापणी उरकत आली होती. त्या सपाट, सोनेरी खोऱ्यातून रस्ता पुन्हा चढाला लागला आणि दुपार कलताना आम्ही कौसानीला पोचलो. अल्मोड्यापासून सुमारे ५० किलोमीटर, समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांवर. एका लांबट डोंगरसोंडेवर चार दुकाने, थोडी हॉटेले आणि उत्तरेला दरी. दरीपलीकडे हिमालय. म्हणजे असणार होता. आम्ही पोचलो तेव्हा तिथे फक्त ढग होते.

आमचे मुक्कामाचे घर रस्त्याच्या खाली, ऐंशी पायऱ्या उतरून होते, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळले. पायऱ्यांच्या तोंडाशी एक नेपाळी हमाल बसला होता. पन्नाशीचा असेल, अंगाने किरकोळ. कपाळावर घ्यायचा तो पट्टा आणि दोरी त्याच्या खांद्यावर होती. सगळे सामान खाली न्यायचे दीडशे रुपये म्हणाला. मी शंभर म्हटले. का म्हटले? प्रवासात भाव पाडायचा असतो, या शिरस्त्याने. तो काही बोलला नाही. मी तोंड फिरवले, दोन पावले चाललो, तसा तो उठला. शंभरात त्याने सातही नग दोरीने एकत्र बांधले, पट्टा कपाळावर घेतला, कमरेत वाकला आणि खलबत्त्यासकट आमचा संसार घेऊन पायऱ्या उतरू लागला. एकदा वर येऊन त्याने आईकडे पाहिले. "आमा को पीठ पर ले चलूँ?"

"नको रे बाबा," आई मराठीतच म्हणाली. "मी माझी उतरेन." कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत ती उतरली. पाऊण तास लागला. मला मात्र पन्नास रुपये वाचवल्याचे समाधान होते.

दुसरा दिवस ढगांत गेला. सकाळी पाचला सगळे पाहुणे शाली गुंडाळून गच्चीवर जमले. साडेसातला सगळे चहाला गेले. मग आम्ही अनासक्ती आश्रमात गेलो. १९२९ च्या जून महिन्यात कुमाऊंच्या दौऱ्यात गांधीजी इथे थोड्या दिवसांच्या विश्रांतीला आले आणि दोन आठवडे राहिले. तेव्हा ती एका चहामळ्याची विश्रामकोठी होती. गीतेच्या आपल्या गुजराती अनुवादाची, 'अनासक्तियोगा'ची, प्रस्तावना त्यांनी इथे पुरी केली. तिच्याखाली २४ जून १९२९ ही तारीख आणि कौसानीचे नाव आहे. हे पुस्तक बाहेर पडले १२ मार्च १९३० ला, म्हणजे ते दांडीला निघाले त्याच दिवशी. पर्वताच्या सान्निध्यात लिहिलेले शब्द आणि समुद्राकडे उचललेले पाऊल, दोन्ही एकाच तारखेला जगापुढे आली. हा डोंगर पाहून गांधीजींना प्रश्न पडला होता, की प्रकृतीसाठी आपली माणसे युरोपात कशाला जातात? 'यंग इंडिया'त त्यांनी तसे लिहिलेही आहे.

आईने ते सगळे माझ्याकडून ऐकून घेतले आणि आश्रमाच्या प्रार्थनेच्या खोलीत बसून डोळे मिटून 'गीताई'चा दुसरा अध्याय म्हटला. तिला तो पाठ आहे. विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळेना, मराठीत हवी होती. ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, १९३०-३१ मध्ये, विनोबांनी 'गीताई' लिहिली. एका आईच्या उधारीची अशीही फेड झाली. गांधीजींनी आपल्या प्रस्तावनेत गीतेचे सार म्हणून कर्मफलाचा त्याग सांगितला, तो या खोलीबाहेरच्या दरीकडे बघत. त्या दिवशी खिडकीबाहेर फळ दिसतच नव्हते. नुसते ढग होते. बाहेर पडताना आई म्हणाली, "हिमालय नाही दिसला तर नाही दिसला. आलो ना आपण!" मला मात्र अनासक्ती अजिबात जमत नव्हती. मी मनातल्या मनात तिकिटांचा हिशोब करत होतो.

दुपारी जेवायला जे आले त्याने आईचा आनंद गगनात मावेना. इकडे जिला गहत म्हणतात ती डाळ म्हणजे आपले कुळीथ निघाले. मंडुव्याची भाकरी म्हणजे नाचणीची. "हे तर माझ्या माहेरचं जेवण!" स्वयंपाकघरातल्या बाईंना तिने खुणांनी कुळथाच्या पिठल्याची कृती समजावून दिली. त्यांनी तिला अंगणातले ऐपण दाखवले. गेरूने सारवलेल्या उंबऱ्यावर तांदळाच्या पिठाने, बोटाने काढलेली नक्षी आणि दारातून आत येणारी लक्ष्मीची पावले. दिवाळी तिथेही दारात आली होती.

संध्याकाळी रस्त्याने फिरताना समोरून बायका येत होत्या. पाठीवर गवताचे एवढे भारे, की लांबून वाटावे गवतच चालत येते आहे. एका इंग्रज बाईंनी याच बायकांच्या मुलींसाठी इथे घर केले. कॅथरिन हाइलमन त्यांचे नाव. १९३२ साली हिंदुस्थानात आल्या, सेवाग्रामला गांधीजींजवळ राहिल्या, सरलाबेन झाल्या. डोंगरातल्या खेड्यांत हिंडून त्यांनी 'भारत छोडो'च्या वेळी तुरुंगात गेलेल्यांच्या बायकापोरांना धीर दिला आणि स्वतःही तुरुंगवास भोगला. १९४६ मध्ये त्यांनी कौसानीला मुलींसाठी लक्ष्मी आश्रम काढला. वर्ध्याच्या उन्हातून निघून हिमालयातल्या मुलींना शिकवायला येणारी ही बाई १९८२ साली गेली, तेव्हा तिच्या हाताखालून गेलेल्या मुली त्या डोंगरांतल्या दारूबंदीच्या आणि जंगल वाचवण्याच्या कामांत पुढे होत्या.

तिसऱ्या दिवशीही ढगच. म्हणून देवदर्शनाला निघालो. सतराएक किलोमीटर उतरले की गोमतीच्या काठी बैजनाथ लागते. वैद्यनाथाचेच हे रूप. परळीच्या वैजनाथाचे नाव काढताच आईने हात जोडले. कत्यूरी राजांची राजधानी कार्तिकेयपूर ती हीच जागा, असे इतिहासकार सांगतात. सातआठशे ते हजार वर्षांपूर्वीची ही देवळे. दगडी, आखूड, सरळ उठलेल्या शिखरांची; नदीच्या अगदी काठाशी एकमेकांना बिलगून उभी. आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांसारखा दगडाचा बोजा त्यांच्यात नाही. गाभाऱ्यात काळ्या दगडाची पार्वतीची मूर्ती आहे, जवळजवळ माणसाच्या उंचीची. अंधाराला डोळे सरावले की तिचा चेहरा हळूहळू उमलत जातो. आई तिच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. घाटाच्या पायऱ्यांपाशी पाण्यात हातहात लांबीचे मासे होते. त्यांना कुणी मारत नाही, लोक चणे-फुटाणे घालतात. सौभाग्यवतींनी चिवड्याचा एक डबा तिथे हलका केला.

तिथून बागेश्वर. इथे गोमती सरयूला मिळते आणि संगमावर बागनाथाचे देऊळ आहे. 'बाग' म्हणजे वाघ. मार्कंडेय ऋषी तपाला बसले होते, त्यामुळे सरयूची वाट अडली. तेव्हा शंकराने वाघाचे आणि पार्वतीने गाईचे रूप घेतले, गाय हंबरली, तिला सोडवायला ऋषी उठले आणि नदी पुढे गेली, अशी कथा. आताचे देऊळ चंद राजा लक्ष्मीचंदाने बांधले असे सांगतात. मकरसंक्रांतीला इथे उत्तरायणीची मोठी जत्रा भरते. एके काळी भोट प्रदेशातले व्यापारी तिबेटची लोकर आणि मीठ घेऊन या जत्रेला उतरत. १९६२ नंतर तो व्यापार थांबला. त्या दिवशी कुमाऊंतली मुले गूळ घातलेल्या कणकेच्या तळलेल्या 'घुघुत्यां'ची माळ गळ्यात घालून कावळ्यांना हाका मारतात. आपल्याकडे हलव्याचे दागिने, तिकडे घुघुते. हे ऐकून आई खुलली.

संगमाच्या पायऱ्यांवर बसलो असताना आमचा गाडीवाला मुलगा पाण्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आमा, यहीं रजिस्टर बहाए थे।"

कसली रजिस्टरे? त्याने सांगितले, आणि उरलेले मी नंतर वाचून घेतले. इंग्रजी अमदानीत साहेब दौऱ्यावर निघाला, शिकारीला निघाला किंवा नुसता हवा खायला निघाला, की त्याचे सामान वाहणे हे डोंगरातल्या खेडुतांवर सक्तीचे होते. त्याला तीन शब्द होते. बेगार म्हणजे फुकट वाहणे. उतार म्हणजे नावापुरत्या मजुरीवर वाहणे. ती मजुरी हाती पडेलच असे नाही. बर्दायश म्हणजे साहेबाच्या छावणीला दूध, लाकूड, गवत, धान्य पुरवणे. कुणाची पाळी केव्हा हे गावाच्या प्रधानाकडच्या वहीत लिहिलेले असे. पेरणी असो की घरात आजारी माणूस, वहीत नाव निघाले की पाठ वाकवायची. साहेबांच्या तंबूतल्या टेबलखुर्च्यांपासून न्हाणीच्या टबापर्यंत सारे या पाठींवरून डोंगर चढले. आपण ज्यांना थंड हवेची ठिकाणे म्हणून कौतुकाने जातो, त्या डोंगरांतल्या कितीतरी जुन्या बंगल्यांची वाट अशी आहे.

१९२१ च्या जानेवारीत, उत्तरायणीच्या जत्रेत, बद्रीदत्त पांडे, हरगोविंद पंत, चिरंजीलाल या पुढाऱ्यांनी इथे लोकांना हाक दिली. सरकारी अंमलदार समोर असताना हजारो लोकांनी सरयूचे पाणी हातात घेऊन बागनाथाच्या साक्षीने शपथ घेतली, की यापुढे ओझे वाहणार नाही. आणि प्रधानांनी आपापल्या गावच्या वह्या आणून संगमात फेकल्या. गोळी चालली नाही, रक्त सांडले नाही. बेगार संपली. अल्मोड्याच्या 'शक्ती' साप्ताहिकातून लिहिणाऱ्या बद्रीदत्त पांड्यांना लोक त्यानंतर 'कुमाऊं केसरी' म्हणू लागले. आठ वर्षांनी गांधीजी कौसानीला आले, त्या दौऱ्यात ते बागेश्वरलाही आले होते.

"हमारे बूबू के पिताजी का नाम था उसमें," मुलगा म्हणाला. बूबू म्हणजे आजोबा.

आई पाण्याकडे बघत होती. मग मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात ती म्हणाली, "आणि तू परवा पन्नास रुपयांसाठी..."

वाक्य तिने पुरे केले नाही. वर्गात मी पंचवीस वर्षे शिकवतो आहे. अपुऱ्या वाक्याचा अर्थ सांगणे हे माझे काम आहे. पण कान गरम होणे म्हणजे काय, ते मला त्या थंडगार घाटावर कळले. कायद्याने मी काहीच वावगे केले नव्हते. सौदा ठरला, मजुरी दिली. पण मी पाठ फिरवून दोन पावले चाललो होतो, ती त्याला दुसरे गिऱ्हाईक नाही हे ओळखून. वही नदीत बुडाली. तिच्यातली अक्कल माझ्या डोक्यात शिल्लक होती.

परतताना मुलगा आपल्या गावाबद्दल बोलत होता. निम्मी घरे कुलूपबंद, माणसे हल्द्वानी-दिल्लीला. हे काही त्याच्या एका गावाचे गाऱ्हाणे नव्हे. २००१ ते २०११ या दशकात शेजारच्या अल्मोडा जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. आम्हाला जी कौसानीची शांतता गोड लागत होती, तिच्यात या कुलपांचीही शांतता मिसळलेली होती.

चौथ्या दिवशी पहाटे आईनेच आम्हाला हलवून उठवले. "अरे, ऊठ. आलाय."

गच्चीवर गेलो. ढग दरीत उतरून निजले होते आणि त्यांच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत हिमालय उभा होता. आधी राखी, निर्जीव. मग त्रिशूळाच्या टोकाला, ७१२० मीटरवर, कुणी कुंकवाचे बोट टेकवावे तसा एक ठिपका उमटला. तो पसरत खाली आला. उजवीकडे नंदादेवी उजळली, ७८१६ मीटर, सर्वस्वी भारताच्या हद्दीत असलेले सर्वांत उंच शिखर. कुमाऊं-गढवालचे लोक तिला आपली लेक मानतात. सासरी कैलासाला जाणाऱ्या या लेकीची पाठवणी करायला परंपरेने बारा वर्षांनी डोंगरातून मोठी यात्रा निघते. २०१४ साली ती निघाली होती. आपल्या गौरी तीन दिवसांच्या माहेरपणाला येतात. ही कायम दिसते, पण येत नाही. दूर पूर्वेला पंचचूलीची पाच टोके पेटली.

मला काहीतरी बोलावेसे वाटत होते. कौसानीतच १९०० साली जन्मलेले, जन्मताच आईला पारखे झालेले कवी सुमित्रानंदन पंत, १९६८ चे त्यांचे ज्ञानपीठ, असे बरेच काही जिभेवर होते. आईकडे पाहिले आणि गप्प बसलो. तिने हातही जोडले नव्हते. ती नुसती बघत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "हे सगळे दिवस हे इथंच होतं?"

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "त्यांना दिसायला हवं होतं." त्यांना म्हणजे कुणाला, हे विचारण्याची गरज नव्हती. सौभाग्यवतींनी आल्याचा चहा आणला. खलबत्ता कामी आला होता.

नऊ वाजता निघायचे होते. तोच हमाल आला. या खेपेला मी भाव विचारला नाही. दोन नग स्वतः उचलले. तिसाव्या पायरीवर माझा श्वास संपला. तो मागून आला, पाच नग पाठीवर असताना त्याने माझ्या हातातली एक बॅग काढून घेतली आणि पुढे गेला. हसला नाही, ही त्याची सभ्यता. आई चाळिसाव्या पायरीवर बसली होती. सामान वर टाकून तो परत खाली आला, तिच्यापुढे उभा राहिला आणि पाठ न वाकवता हात पुढे केला. तिने तो धरला. बोलत-थांबत दोघे वर आले. तिचे मराठी आणि त्याचे हिंदी, पण तेवढ्यात तिने त्याला दोन मुली आहेत, धाकटी आठवीत आहे आणि तो दिवाळीला गावी जाऊ शकत नाही, एवढे काढून घेतले होते. चार दिवसांत मी त्याला हे विचारले नव्हते.

मी दोनशे रुपये पुढे केले. त्याने खिशातून पन्नासाची नोट काढून मला परत दिली.

"डेढ़ सौ होता है, बाबूजी।"

परवाचे पन्नास म्हणून ती नोट ठेव, असे मला म्हणायचे होते. हिंदीत ते कसे म्हणावे हे सुचेना, आणि मराठीतही सुचले असते की नाही, शंका आहे. मी नोट घेतली. आईने मात्र पिशवीतून बेसनलाडवांचा डबा काढून त्याच्या हातात दिला. "हे मजुरीचं नाही हो. दिवाळीचं आहे. मुलींना." त्याने डबा दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला, जिथे पट्ट्याचा वळ होता तिथे.

मोटार सुरू झाली. पहिल्या वळणावर हिमालय दिसेनासा झाला. मी खिशात हात घातला की ती पन्नासाची नोट हाताला लागत होती. काठगोदामच्या फलाटावर उतरलो तेव्हा हमाल धावत आले. नग आता सहा उरले होते. "बघू, किती जमतात," असे म्हणून मी त्यांतले दोन उचलले, आणि उरलेल्यांसाठी त्यांनी जो भाव सांगितला त्याला मान डोलावली.